तांदूळ वाढलेत

चैत्र सरत आला की आमच्या सोमवार पेठेतल्या इमारतीच्या गच्चीवर लाल मिरच्या पसरल्या जातात. जिना चढताना ठसका लागतो. तळमजल्यावरचे लोक नाकाला रुमाल लावून वर बघतात आणि कुणाच्या मिरच्या म्हणून चौकशी करतात. मला त्या ठसक्याबरोबर मागचा उन्हाळा आठवतो, आणि तो आठवला की मिरची नसली तरी डोळ्यांत पाणी येतं. रागाने. वर्ष झालं, आता सोडून द्या, असं मला दोघातिघांनी सांगून पाहिलं. सांगणाऱ्यांच्या घरातलं मीठ जागेवर आहे, म्हणून त्यांना असलं सुचतं.

उन्हाळा म्हणजे सुट्टी आणि आंबे असं ज्यांना वाटतं, त्यांनी घर चालवलेलं नाही. उन्हाळा म्हणजे बेगमी. वर्षाचा गहू, तांदूळ, डाळी, तिखट, हळद, गोडा मसाला, सगळं पाऊस सुरू व्हायच्या आत घरात येऊन, ऊन खाऊन, निवडून डब्यांत बसलं पाहिजे. माझी आई तूरडाळीला एरंडेल चोळायची आणि आम्हा बहिणींना चोळायला बसवायची. दुपारभर हात चिकट, वेणीची बट तोंडावर आली तरी मागे सारता यायची नाही. तांदळात कडुलिंबाचा पाला घालायचा तो सावलीत वाळवलेला, उन्हात वाळवलेला नाही. का, ते विचारायचं नाही. कुटून आणलेलं तिखट निवेपर्यंत झाकण लावायचं नाही, नाहीतर त्याला घाम सुटतो. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. मी त्या दुपारींत बसलेली होते, एवढंच.

डबे भरून झाले की आई फडताळाचं दार उघडं टाकून समोर पाट घेऊन बसायची. काही करायची नाही, नुसती बघायची. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. डबे काय बघायचे? पुढे माझं घर झालं, पहिल्या उन्हाळ्यात माझं फडताळ भरलं, आणि मीही पाट घेऊन बसले. शाळेच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या फायली लावून आलेल्या बाईला स्वतःचं असं लावलेलं काहीतरी बघण्यात काय सुख असतं, ते पाटावर बसल्याशिवाय कळायचं नाही.

आता माझं फडताळ सांगते, कारण भांडण त्याच्यावरूनच आहे. वरच्या फळीवर डावीकडे पहिला पितळी डबा कणकेचा, त्याची कडी एका बाजूने सैल. शेजारी तांदळाचा, त्याला तळाशी पोचा आहे, म्हणून फळीवर ठेवताना तो डुगडुगतो. मग डाळी. हरभऱ्याची डाळ बिस्किटांच्या चौकोनी डब्यात, तुरीची गोल डब्यात, मुगाची ठेंगण्या डब्यात. साखरेच्या डब्याचं झाकण इतकं घट्ट की उलथन्याच्या टोकाने उचकटावं लागतं, आणि तसंच ते हवं, कारण मुंग्यांकडे उलथनं नसतं. मीठ या सगळ्यांपासून लांब, ओट्याच्या कोपऱ्यात, चिनीमातीच्या बरणीत. मीठ आणि साखर शेजारी ठेवू नये एवढी अक्कल बायकांना फार पूर्वीपासून आहे. आणि मिसळणाचा डबा. दाराशी मोहरी, खिडकीशी जिरे, मधे हळद, माझ्या पोटाशी तिखट. तो डबा इतकी वर्षं कधी उलटा फिरला नाही.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात. तर ऐका. माझ्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याला दुखणं आहे. त्याची इंजेक्शनं चालू आहेत, त्यांनी आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी आंधळी नाही. मला सगळं दिसतं, फक्त जे बघायला जाते ते दिसत नाही. घड्याळाकडे बघितलं तर भिंत दिसते. पेपरकडे बघितलं तर समास दिसतो. माझे यजमान वारल्यापासून मी या घरात एकटी राहते. रस्ता ओलांडताना चाचपडते, बँकेत सही करताना चाचपडते, रिक्षावाल्याला शंभराची नोट म्हणून काय देते देव जाणे. पण स्वयंपाकघरात मी कधी चाचपडले नाही. तिथे माझे डोळे माझ्या हातांत होते. या घरात माझं एकटीचं राहणं त्या डब्यांवर उभं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला ठाऊक असायला हवं होतं की नाही, हाच माझा प्रश्न आहे.

मागच्या वर्षी चैत्रात भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेले. माझा मुलगा नीलेश आणि सून श्रुती, दोघंही वाघोलीला राहतात, बाराव्या मजल्यावर, तिथून म्हणे डोंगर दिसतो. मी साताऱ्याला असताना त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने घर उघडलं. मी परत आले तर दोघं दारात उभे. "सरप्राइज!" नीलेश म्हणाला. श्रुतीने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

"आई, बघा. तुमची पॅन्ट्री."

पॅन्ट्री! मी साताऱ्याला जाताना तिथे फडताळ होतं.

मी हात पुढे केला. हाताला काच लागली. गार, गुळगुळीत, चौकोनी. शेजारी तीच. त्याच्या शेजारीही तीच. वरची फळी, खालची फळी, सगळ्या बरण्या एकाच साच्यातल्या, एकाच उंचीच्या, वर बांबूची झाकणं, तीही जुळी. मी एक उघडून हुंगलं, कसलाच वास नाही. म्हणजे साखर, मीठ, रवा किंवा साबुदाणा. प्रत्येकीवर नाव आहे, श्रुती उत्साहाने सांगत होती, तिने मशीनवर लेबलं छापून घेतली होती, नाजूक अक्षरांत. आणि इंग्रजी अक्षरांच्या ओळीने बरण्या लावल्या होत्या, म्हणजे शोधायला सोपं. त्या ओळीत साल्टच्या शेजारी शुगर येते, हे मला नंतर कळलं.

"आणि हे तुमचे मसाले," ती म्हणाली. मिसळणाचा डबा गेला होता. त्याच्या जागी एक गोल स्टँड होता, त्यात छोट्या छोट्या बाटल्या, आणि तो स्टँड फिरत होता! मी हात लावला की मोहरी माझ्यासमोरून निघून जायची आणि भलतंच काहीतरी यायचं. मी जन्मात वस्तू फिरताना पाहिल्या, पण जागा फिरताना पहिल्यांदा पाहिली.

"डबे कुठायत?" मी विचारलं.

"अगं, सगळे पोचे आलेले," नीलेश म्हणाला. "भंगारवाला आला होता, देऊन टाकले."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते मला त्या वेळी समजलं. ती खरंच तळपायापासून निघते. पण समोर दोघांनी दिवसभर राबून पुसलेल्या फळ्या होत्या, श्रुतीच्या आवाजात हौस होती, आणि पुण्यात आपण माणसाच्या तोंडावर ओरडत नाही, नुसतं बोलतो. मी म्हटलं, "छान. दुकानासारखं दिसतंय." तिला ते कौतुक वाटलं. नीलेशला कळलं असावं, तो चहा करायला गेला.

त्यानंतरचे दिवस मला आठवले की अजून चीड येते. मी माझ्याच ओट्यासमोर पाहुण्यासारखी उभी राहायचे. भाजीला फोडणी द्यायची तर तेल तापायच्या आधी मोहरी शोधून हातात धरून ठेवायची. रव्याऐवजी साबुदाणा घेऊन भाजत बसले, तो फुलायला लागला तेव्हा कळलं. पोळ्या करायला घेतल्या आणि परातीत काढलं ते बेसन. लेबल डोळ्यासमोर धरलं की नेमकं लेबल तेवढं पुसलं जायचं. मग समोरच्या बिऱ्हाडातल्या जुबेदाभाभीला हाक मारायची. आमची दारं समोरासमोर आहेत, तिची मुलं आणि नीलेश एकाच जिन्यावर वाढले. रविवार पेठेत तिच्या घरच्यांचं सुक्या मेव्याचं दुकान आहे. ती यायची, बरण्यांवरची नावं वाचून दाखवायची, मी त्या क्रमाने पाठ करायचे. दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत ठेवताना एक बरणी इकडची तिकडे झाली की सगळं पाठांतर पाण्यात.

"ताई, मुलांना सांगून टाका ना," भाभी म्हणायची.

"काय सांगू? की तुम्ही माझं घर स्वच्छ केलंत म्हणून मी उपाशी आहे?"

"तसंच सांगा."

मी सांगितलं नाही. मला वाटत होतं, हे सांगायला लागू नये. ज्याला मी जन्माला घातलं, ज्याने माझ्याबरोबर दर इंजेक्शनला येऊन कॉरिडॉरमध्ये फोनवर मीटिंगा केल्या, त्याला लहान अक्षरांचं लेबल आईला वाचता येणार नाही हे सांगायला लागू नये. लागतं, असं दिसतंय.

मग आला तो सरबताचा दिवस. श्रुतीचे आईवडील हैदराबादहून आले होते. श्रुती तिकडेच वाढली, घरात मराठी आणि दाराबाहेर बाकी सगळं. व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच माझ्याकडे येणार, म्हणून मी मंडईतून लिंबं आणली, मुद्दाम पातळ सालीची, हातात दाबून दाबून. ऊन मी म्हणत होतं. चौघं आले, पंखा मोठा केला, आणि मी सरबत करायला आत गेले. लिंबाच्या सरबताला चव बघावी लागत नाही. वाटीभर साखर आणि चिमूटभर मीठ, मी परकरात होते तेव्हापासून करतेय. शिवाय पाहुण्यांच्या आधी तोंड लावायचं नाही, हेही तेव्हापासूनचं.

व्याह्यांना तहान लागलेली होती. त्यांनी अर्धा ग्लास एका घोटात घेतला आणि ते थांबले. मला त्यांचं थांबणं ऐकू आलं. मग त्यांनी उरलेला अर्धाही घेतला, बिचारे, इतके सभ्य, आणि ग्लास खाली ठेवून म्हणाले, "वेगळंच आहे हो." विहीणबाईंना नुसता ठसका लागला. श्रुती म्हणाली, "आई, यात तर मीठ..." आणि पुढचं गिळलं. मी माझा ग्लास तोंडाला लावला. वाटीभर मीठ आणि चिमूटभर साखर.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. विहीणबाई म्हणत होत्या, अहो होतं असं, आमच्याकडेही एकदा झालं होतं. कुणाकडेही असं कधी झालेलं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

ते लोक गेल्यावर नीलेश मागे राहिला. सोफ्यावर माझ्या शेजारी बसला आणि त्याने तो मऊ आवाज काढला. ऑफिसात कुणाला कामावरून कमी करताना काढत असणार तोच.

"आई, आता तू एकटी नको राहूस. वाघोलीला चल. आज मीठ झालं, उद्या गॅस राहील."

"मीठ का झालं?" मी विचारलं.

"वय होतं गं. तुझा काही दोष नाही."

बघा म्हणजे. आधी माझ्या हाताखालची जागा काढून घ्यायची, आणि मग आईला जागा सापडत नाही म्हणून आईलाच हलवायचं! आणि वर दोष नाही म्हणून मोठेपणा! मला इतका संताप आला होता की तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि मग तेही वयावरच गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी श्रुती एकटी आली, ऑफिस बुडवून. नवी लेबलं घेऊन आली होती, मराठीत, ठसठशीत अक्षरांची. स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"आई, मला खरंच मदत करायची होती. तुम्हीच दर रविवारी फोनवर सांगायचात ना."

"मी? काय सांगायचे मी?"

"मी विचारायचे, आई, काही मागवू का तुमच्यासाठी? तर तुम्ही म्हणायचात, तांदूळ वाढलेत गं. साखर पण वाढत आलीय. तूरडाळ कालच वाढली. दर वेळी काहीतरी वाढलेलंच असायचं. मला वाटलं, तुमच्याकडे सामान फार झालंय, ठेवायला जागा उरली नाहीये. म्हणून मी सगळं नीट..."

मी ओट्याजवळची खुर्ची ओढून घेतली.

आमच्या घरात कुठलीही गोष्ट संपत नाही. संपलं हा शब्दच स्वयंपाकघरात चालत नाही. मीठ संपलं म्हटलं की आई तोंडावर फटका द्यायची, वाढलं म्हण. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं, नारळ फोडायचा तरी वाढवायचा. डबा खडखडीत रिकामा करून त्याला वाढला म्हणायचं, म्हणजे तो पुन्हा भरेल. आईने मला सांगितलं, मी शेजारणींशी तसंच बोलत आले, वाण्याला तसंच सांगत आले. आमचा वाणी राजस्थानचा आहे, त्यालाही कळतं. तांदूळ वाढले म्हटलं की पिशवी पाठवतो.

म्हणजे दर रविवारी मी हिला सांगत होते की घरात तांदळाचा दाणा नाही, आणि ही समजत होती की आईंच्या घरात तांदूळ उतू चाललेत. मी तिकडे म्हणायचे, काय मेली आजकालची मुलगी, विचारते आणि पाठवत नाही! दुसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही, म्हणून मी काठी घेऊन वाण्याकडे जायचे. आणि ती तिकडे माझ्यासाठी बरण्या निवडत होती. मला हसायला यायला लागलं, आणि हसता हसता मी विचारलं, "अगं, पण नीलेशला विचारलं नाहीस? तो इथलाच ना?"

"विचारलं ना. तो म्हणाला, आईला साठवून ठेवायची सवयच आहे."

हसू तिथेच थांबलं. श्रुतीवरचा माझा राग त्या क्षणी गेला, अगदी झाडून पुसून गेला. तिने कुठून ऐकावा हा शब्द? पण नीलेश! ज्याच्या तोंडावर मी याच शब्दासाठी फटका मारलाय, जो शाळेतून आल्यावर लाडवांचा डबा पालथा करून, आई, लाडू वाढले, म्हणून ओरडायचा, त्याला वाढले म्हणजे काय ते आठवू नये? एका शब्दाचं विसरणं म्हणजे काही मोठं पाप नाही, मला कळतं. पण त्या शब्दाबरोबर माझं सगळं घर तो विसरला होता. वीज गेली तरी ज्याचा हात बरोबर लाडवांवर पडायचा, त्याने ते डबे पोचे आलेले म्हणून दिले.

श्रुती गेल्यावर मी जुबेदाभाभीला हे सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "आमच्याकडे पण तसंच. जेवण झालं की दस्तरखान, ती जेवायला अंथरलेली चादर, उचला म्हणत नाहीत, बढाओ म्हणतात. आमच्या सुनेने एकदा आणखी एक चादर आणून अंथरली." दोघी हसलो. तिची सून दुबईला असते. या वर्षी कुरडया कुणासाठी घालायच्या, असं ती म्हणत होती.

माणसं बेगमी का करतात, याचा मी कधी विचार केला नव्हता. दुकान कोपऱ्यावर आहे, फोन केला की घरी आणून देतात, वर्षाचं कशाला भरायचं? नीलेश हे मला समजावून सांगतो, आणि त्याचं खरं आहे. पण वर्षाचं भरणाऱ्या बाईने वर्षभर इथेच राहायचं ठरवलेलं असतं. फळी भरली की तिचं पुढचं वर्ष तिथे मांडून ठेवलेलं असतं. मागच्या उन्हाळ्यात मी गहू भरला नाही. कुठे भरणार, आणि कुणासाठी? गच्चीवर सगळ्यांच्या मिरच्या वाळत होत्या, आणि माझी चादर घडी घालून कपाटात होती. ते मला सगळ्यात जास्त लागलं, सरबतापेक्षाही.

रविवारी नीलेश गाडी घेऊन आला. आठ दिवस राहून बघ, आवडलं नाही तर परत ये, असं ठरलं होतं, म्हणजे त्याने ठरवलं होतं. असल्या आठ दिवसांचा अर्थ मला कळत नाही अशी त्याची समजूत. माझी बॅग भरून दारात ठेवलेली होती. मी जुनी सुती साडी नेसून तयार बसले होते.

"चल, निघायचं ना?" तो म्हणाला.

"येते. आधी मला एक कप चहा करून दे."

"एवढंच ना?"

"डोळ्यांना पंचा बांधून."

"आई, काय हा पोरकटपणा."

"मग बॅग आत नेऊन ठेव."

त्याने सुस्कारा टाकला. मी त्याच्या मागे उभी राहून पंचा बांधला, चांगला घट्ट, दोन गाठी मारून. मग मी खुर्चीवर बसले आणि ऐकायला लागले. मला बघायला लागत नाही, ते स्वयंपाकघर मला ऐकूही येतं. पातेलं त्याला सापडलं. पाणी घेतलं. मग हात बरण्यांवरून फिरायला लागला. एक झाकण उघडलं, हुंगलं, बंद केलं. दुसरं. तिसरं. "चहा कुठाय गं?" मी गप्प. त्याने काहीतरी बोटावर घेऊन चाटलं आणि थूः केलं. गोल स्टँडला धक्का लागला असावा, तो गरगर फिरला आणि बाटल्या एकमेकींवर वाजल्या. "हे काय आहे? हा हिंग आहे?" मग तो बराच वेळ नुसता उभा राहिला. पुन्हा हात लांबवला, आणि एक बरणी खाली आली. काच फुटली. साबुदाणा सगळ्या फरशीवर टणाटणा उड्या मारत गेला.

"हलू नकोस," मी म्हटलं. "पायाखाली काच आहे."

तो हलला नाही. पंचाही सोडला नाही. आपल्याच स्वयंपाकघराच्या मधोमध, दोन्ही हात पुढे धरून, पाऊल उचलायला घाबरत उभा राहिला. मी केरसुणी घेतली आणि त्याच्याभोवतीची काच लोटली. मला काच दिसते, तिच्याकडे बघितलं नाही तर. सगळं झाल्यावर त्याला हाताला धरून खुर्चीवर आणून बसवलं. दारातली बॅग त्या दिवशी तशीच राहिली, दुसऱ्या दिवशी मी तिच्यातले कपडे कपाटात लावले. डबे परत मिळाले नाहीत. भंगारात गेलेलं परत मिळत नसतं. श्रुतीने आणि मी तांबट आळीत जाऊन नवे घेतले, प्रत्येक वेगळ्या आकाराचा, आणि ती दुकानात डोळे मिटून एकेक झाकण उघडून बघत होती. पण हे सगळं पुढचं. त्या रविवारी नीलेशने पंचा सोडला आणि मांडीवर ठेवला.

"आई," तो म्हणाला, "तुला नक्की किती दिसतं?"

एवढी इंजेक्शनं झाली. त्याने डॉक्टरांना विचारलं होतं, रिपोर्टांचे फोटो काढून मित्रांना पाठवले होते, कंप्युटरवर वाचलं होतं. मला त्याने हे पहिल्यांदा विचारलं.

"तुझ्या मागची खिडकी दिसते," मी सांगितलं. "तिच्यातली तुळस दिसते. तुझे खांदे दिसतात, शर्ट निळा आहे. तू आहेस ती जागा दिसते."

"आणि मी?"

"जुबेदाभाभी म्हणत होती, तू मिशी काढलीस. दिवाळीतच काढलीस म्हणे. इतके महिने आईशी समोर बसून बोलतोस, सांगायला नको?"

त्याने माझा हात धरला, वर नेला आणि माझी बोटं स्वतःच्या ओठावर ठेवली. खरंच काढली होती. ओठ ओला लागला.

"वाईट दिसतोस," मी म्हटलं.